जुन्या गाडीच्या टाकीचा श्वास कोंडलाय का? कसं ओळखायचं आणि कसं दुरुस्त करायचं

गाडी सकाळी एका सेल्फला चालू होते, पंधरा-वीस मिनिटं मस्त पळते, आणि मग चढावर किंवा मोकळ्या रस्त्यावर जरा दाबली की गचके खायला लागते, पिकअप जातो आणि बंद पडते. बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं थांबलं की परत चालू, जणू काही झालंच नव्हतं. जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल आणि हे असं होत असेल तर बहुतेक जण आधी पंप बदलतात, मग कार्ब उघडून साफ करतात, मग स्पार्क देणारे कॉइल आणि कंडेन्सर बदलतात, आणि दुखणं तसंच राहतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझ्या गाडीत नवा पंप टाकून झाला होता, कार्ब दोनदा उघडून झाला होता, आणि शेवटी सापडलं काय तर टाकीच्या वरच्या अंगाला असलेली करंगळीपेक्षा बारीक नळी, आतून बुजलेली. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय, कारण ही तपासणी जवळपास फुकटात होते आणि ती सगळ्यात आधी व्हायला हवी.

टाकीला हवा कशाला लागते

टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाहीतर आत व्हॅक्यूम तयार होतो. इंजिनवरचा डायफ्राम पंप तसा गरीब प्राणी आहे, पुढे कार्बला साधारण ३ ते ६ पीएसआय (प्रेशरचं माप, दर चौरस इंचाला पाउंड) प्रेशर देतो, काही गाड्यांत त्याहूनही कमी, आणि मागे टाकीने उलटं ओढायला सुरुवात केली की त्याचा दम संपतो. त्यात लाईनमधलं प्रेशर कमी झालं की गरम पेट्रोल लवकर उकळतं आणि लाईनमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, त्यामुळे हा प्रॉब्लेम हुबेहूब व्हेपर लॉकसारखा, म्हणजे इंजिनच्या उष्णतेने लाईनमध्ये वाफ अडकल्यासारखा दिसतो आणि लोक पाईपला फॉइल गुंडाळत बसतात.

आता हवा किती लागते ते बघा. गाडी १०० किमीला १० लिटर पीत असेल आणि ताशी ६० ने चालली असेल तर तासाला ६ लिटर, म्हणजे मिनिटाला फक्त १०० मिली. एवढ्या हवेला १ मिमीचं भोक पुष्कळ झालं. म्हणूनच नळी अर्धी-पाऊण बुजली तरी वर्षानुवर्षं काही कळत नाही, आणि पूर्ण बुजली की एकदम गाडी रस्त्यात उभी राहते.

आणि टाकी भरलेली असताना त्रास लवकर होतो, ही खूण फार कामाची आहे. ५० लिटरच्या टाकीत ४५ लिटर पेट्रोल असेल तर वर हवेला जागा ५ लिटर, त्यातून अर्धा लिटर पेट्रोल गेलं की तेवढ्याच हवेला दहा टक्के जास्त जागा मिळते आणि प्रेशर पडतं. तेच टाकी जवळपास रिकामी असेल तर अर्धा लिटर गेल्याचं आतल्या ४० लिटर हवेला काही वाटत पण नाही. तेव्हा तुमची गाडी टाकी फुल्ल केल्यावर लवकर बंद पडत असेल आणि पेट्रोल कमी असताना लांब पळत असेल तर पंपाकडे बघूच नका, सरळ टाकीकडे या.

उलटी बाजू पण आहे. पेट्रोल तापलं की फुगतं, दर १० अंशाला साधारण एक टक्का, म्हणजे थंडगार भरलेलं ५० लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापलं की लिटरभर वाढतं, शिवाय वाफ होते ती वेगळी. त्या प्रेशरला बाहेर जायला वाट नसेल तर ते पुढे लाईनमधून कार्बच्या सुईवर येतं, उभ्या गाडीत फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बमधली पेट्रोलची छोटी वाटी, ओव्हरफ्लो होतं, आणि मग गरम गाडी स्टार्ट होत नाही, सगळीकडे वास.

तुमची गाडी कुठल्या पद्धतीची आहे ते आधी ठरवा

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कॅप (टाकीचं झाकण) आणि व्हेंट (टाकीची हवा यायची-जायची वाट) ही जोडी असते, एकट्या कॅपचा विचार करून चालत नाही.

जुन्यातल्या जुन्या गाड्यांत कॅपलाच भोक असतं, त्यातूनच हवा येते-जाते, दुसरी नळी नसते. मधल्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत कॅप बंद आणि टाकीच्या वरून एक नळी निघून उंच जाऊन खाली बाहेर उघडते. आणि तिसरी पद्धत कोळशाच्या डब्याची, म्हणजे चारकोल कॅनिस्टरची. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून आणि बाकी देशाने १९७१ पासून पेट्रोलची वाफ हवेत सोडायला बंदी केली, तेव्हापासून तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांत टाकीची वाफ कॅनिस्टरमध्ये जायला लागली, आणि कॅप पण बदलली, ती एरवी बाहेर काही सोडत नाही पण आत व्हॅक्यूम झाला तर एक छोटा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडून हवा आत घेते. त्यामुळे एकाच मॉडेलची १९६८ ची गाडी आणि १९७२ ची गाडी यांच्या कॅप बाहेरून जुळ्या बहिणी दिसतील, बसतील पण एकमेकींच्या जागी, आणि काम मात्र वेगळं करतील.

पहिल्या पद्धतीच्या गाडीवर बंद कॅप लावली की गाडी हमखास रस्त्यात बंद पडणार. कॅनिस्टरवाल्या गाडीवर भोकाची कॅप लावली तर गाडी पळेल, पण वास येत राहील आणि वळणावर पेट्रोल बाहेर ओघळून मडगार्डचा रंग खाईल. कोणीतरी मधल्या मालकाने कॅप हरवली म्हणून दुसरी लावली आणि तिथून हे दुखणं सुरू झालं, असं फार होतं. तेव्हा गाडी घेतल्यानंतर कधी कॅप बदललीये का, कॅनिस्टर काढून टाकलाय का, टाकी कधी खाली उतरवलीये का, हे आधी आठवा किंवा विचारा. कॅनिस्टर काढून त्याची नळी बोल्ट घालून बंद केलेली मी स्वतः पाहिलीये, ती गाडी घेणाऱ्या माणसाने दोन पंप बदलले होते.

हात लावायच्या आधी

पेट्रोलची वाफ उणे ४० अंशाच्या आसपास पण पेटू शकते, हवेत जेमतेम दीड टक्का झाली तरी पुरते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत लांब कुठल्यातरी हीटरपर्यंत किंवा स्विचपर्यंत जाते. त्यामुळे काम मोकळ्यावर करा, खड्ड्यात उतरून किंवा बंद गॅरेजमध्ये नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, वायरचा बल्बवाला दिवा वापरू नका, सीलबंद बॅटरीची टॉर्च घ्या आणि ती लांबूनच चालू करून जवळ आणा. पेट्रोलच्या आगीला चालणारं एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, पाणी उपयोगाचं नाही. आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, तिच्यावर गॅस वेल्डिंग किंवा ग्राइंडर घरी कधीच नाही.

पायरी १: रस्त्यावरची टेस्ट

टाकी पाऊणच्या वर भरा आणि ज्या रस्त्यावर गाडी त्रास देते तिथेच न्या. गचके सुरू झाले की बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि लगेच कॅपपाशी जा. कॅप एकदम उघडू नका, पातळ कागदाचा तुकडा कॅपच्या कडेला धरून हळूहळू फिरवा. कागद आत ओढला जाऊन कडेला चिकटला आणि लांबलचक सुस्स् आवाज आला तर व्हॅक्यूम होता. कागद बाहेर फडफडला तर प्रेशर होतं. कधी कधी कॅप उघडताना टाकीचा पत्रा ठक् करून मूळ आकारात येतो, तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, कारण १ पीएसआय व्हॅक्यूम म्हणजे ६० बाय ८० सेंमीच्या पत्र्यावर तीनशे किलोच्या वर भार.

नुसता थोडासा फुस्स आवाज सीलबंद पद्धतीच्या गाडीत नॉर्मल आहे, त्याने घाबरून जाऊ नका. खरी परीक्षा पुढची आहे. कॅप सैल ठेवून, म्हणजे पडणार नाही पण हवा जाईल इतकीच, तोच रस्ता परत त्याच स्पीडने करा, आता टाकी काठोकाठ नसावी आणि जोरात वळणं घेऊ नका. गाडी न अडखळता गेली तर निदान झालं. तरीही बंद पडली तर त्याच जागी एअर क्लिनर काढून कार्बच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल ओढा. पेट्रोलची बारीक धार मारली जात असेल तर कार्बमध्ये पेट्रोल आहे, मग कॉइल-कंडेन्सरकडे जा. धार नसेल तर टाकीतली जाळी, फिल्टर, पंप, तडकलेला रबरी पाईप, या क्रमाने बघा.

पायरी २: कॅप

कॅप काढून स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळू द्या. आतल्या बाजूला मधोमध छोटं भोक किंवा स्प्रिंगवर बसलेली चकती दिसेल. तिथे रबरी बल्बने किंवा सुई नसलेल्या सिरिंजला नळी लावून हवा ढकला आणि ओढा, तोंड लावू नका. भोकाची कॅप असेल तर हवा दोन्हीकडे सहज गेली पाहिजे. व्हॉल्व्हवाली असेल तर बाहेरून आत हवा अगदी हलक्या जोराने जाते, आतून बाहेर मात्र जरा जोर लावल्यावरच. दोन्हीकडून ठार बंद असेल तर एकतर गंजाने अडकलीये किंवा ती बंद कॅपच आहे.

अडकली असेल तर रात्रभर थोड्या रॉकेलमध्ये ठेवा, मऊ ब्रशने घासा, बल्बने चार-पाच वेळा हवा मारा. कार्ब क्लिनर मारायचा मोह आवरा, त्याने आतलं रबर फुगतं. रबरी सील चपटं झालं असेल किंवा चिरलं असेल तर सील बदला. कॅपला ड्रिलने भोक पाडणं हा उपाय मला मुळीच पटत नाही. हवा जाईल हे खरं, पण ओरिजिनल कॅपमध्ये हवेची वाट वाकडीतिकडी केलेली असते, ती पेट्रोल हिंदकळलं तरी बाहेर येऊ देत नाही, आणि तुमचं सरळ भोक पेट्रोल बाहेर आणि पावसाचं पाणी आत घेत बसतं.

पायरी ३: नळी शोधा आणि तोंडापासून टोकापर्यंत बघा

कॅप ठीक असेल किंवा मुळात बंदच असायची असेल तर टाकीच्या वरून निघणारी व्हेंटची नळी शोधा. डिकीतली चटई, बाजूचा पुठ्ठा काढावा लागतो. बहुतेक गाड्यांत ती पेट्रोल भरायच्या गळ्याच्या शेजारून वर जाते, वळसा घेते आणि खाली चाकाच्या कमानीत किंवा चेसीजवळ उघडते. गाडीखाली झोपून ते उघडं टोक शोधा, कारण निम्म्या केसेस तिथेच संपतात, एकतर चिखल, नाहीतर गंज लागू नये म्हणून मारलेलं काळं अंडरकोटिंग, नाहीतर उभ्या गाडीत कुंभारीण माशीने घातलेलं मातीचं घर.

मग नळी टाकीपासून वेगळी करा. हे पहिलं, हवा मारणं त्यानंतर. टाकीला जोडलेली असताना कॉम्प्रेसर लावला तर टाकी फुग्यासारखी फुगते आणि शिवण सुटते, शिवाय सगळा कचरा आत जातो. दोन्ही टोकं मोकळी करून आधी बल्बने किंवा सायकलच्या पंपाने हवा मारून बघा. लोखंडी नळीत मळ असेल तर जुन्या क्लच केबलची आतली तार घालून हळू फिरवा, तार दुसऱ्या टोकाने बाहेर आली की रॉकेलने धुवा आणि वाळवा.

रबरी तुकड्यांवर बाहेरून विश्वास ठेवू नका. माझ्या गाडीत एक तुकडा बाहेरून काळाभोर, मऊ, अगदी नव्यासारखा होता, पण ब्लेडने उभा चिरल्यावर आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं, हवा एका बाजूने जायची आणि दुसऱ्या बाजूने ती जीभ वाट बंद करायची, म्हणजे हवा बाहेर जाईल पण आत येणार नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबराचं असं होतं. म्हणून प्रत्येक तुकडा दोन्ही दिशांनी तपासा, आणि खरं सांगायचं तर उघडलंच आहे तर सगळे बदलून टाका. घेताना नळीवर छापलेलं वाचा, एसएई जे३० आर७ (पेट्रोलच्या नळीचा दर्जा) कार्ब गाडीला चालते, आर९ चं अस्तर इथेनॉल आणि वाफेला जास्त टिकतं. पाण्याची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी नको, ती कडक होऊन तडकते. वळणावर नळी चेपत असेल तर लांब वळसा द्या, आणि जिथे पत्र्यातून जाते तिथला रबरी ग्रोमेट बघा.

टाकीवरचं तोंड

नळी साफ आहे तरी हवा जात नाही, मग टाकीचं तोंडच बुजलंय. टाकीला आतून कोटिंग केलेलं असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. माझ्याकडे हेच झालं होतं. गंज थांबावा म्हणून कोटिंग करून घेतलं, काम दिसायला सुंदर, पण कोटिंग ओलं असताना व्हेंटच्या तोंडातून कोणी हवा मारली नाही आणि आत पांढरा, दगडासारखा बूच बसला. ते काढायला टाकी उतरवून, पूर्ण रिकामी करून, धुवून, मग हाताने फिरवायच्या ड्रिल बिटने, म्हणजे बिट चिमट्यात धरून, मिलिमीटर-मिलिमीटर खरवडावं लागलं. कोटिंगच्या कपच्या आत पडू नयेत म्हणून तोंड खाली करून. तुम्ही कोटिंग करणार असाल तर प्रत्येक तोंडातून दर पाच मिनिटांनी हवा मारायला सांगा, घट्ट होईपर्यंत.

पेट्रोल भरताना उडतं, ती वेगळी नळी

पेट्रोल पंपावर भरायची बंदूक पुन्हा पुन्हा कट होते, पेट्रोल उलटं उडतं, पण गाडी पळायला काही त्रास नाही, हा आजार वेगळा. भरताना मिनिटाला ३०-४० लिटर पेट्रोल आत येतं, म्हणजे चालताना लागते त्याच्या तीनशे-चारशे पट हवा हलवावी लागते, म्हणून टाकीच्या वरून भरायच्या गळ्यापर्यंत एक जाड ब्रीदर, म्हणजे हवेची नळी, असतो. तो चेपला, खाली लोंबला आणि त्यात पेट्रोल साठलं की हे होतं. सगळीकडून टाकीकडे उतार ठेवा, मध्ये झोळ नको.

कॅनिस्टर असेल तर

डब्याला साधारण तीन वाटा, एक टाकीकडून, एक कार्ब किंवा मॅनिफोल्डकडे, आणि एक खालून मोकळ्या हवेची, तिथे फोमचा फिल्टर. टाकीकडच्या तोंडात बल्बने हवा मारली की खालून सहज यायला हवी. खालचा फोम मातीने बंद झाला की टाकीचा श्वासच बंद होतो, आणि तो फोम बदलायचा असतो हेच कित्येकांना माहीत नसतं. डबा हातात जड लागला, हलवल्यावर पेट्रोल डुचमळलं, तर कोळसा भिजलाय, बहुधा टाकी गळ्यापर्यंत ठासून भरायची सवय असणार. काळे दाणे नळीतून बाहेर येत असतील तर डबा बदला, नाहीतर ते कार्बच्या जेटमध्ये जाऊन बसतील.

टाकी आणि डबा यांच्यामध्ये गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून गोळीचा व्हॉल्व्ह असू शकतो. सरळ धरल्यावर हवा मोकळी, उलटा धरल्यावर बंद. गोळी गंजून अडकली असेल तर दोन्हीकडे बंद मिळेल. आणि हा व्हॉल्व्ह तिरका बसवू नका.

व्हेंटच नसेल तर नवा कसा घालायचा

योग्य कॅप मिळत नसेल तर टाकीच्या सगळ्यात उंच जागेवर, शक्यतो असलेल्या तोंडावर, गोळीचा व्हॉल्व्ह बसवा. तिथून नळी भरायच्या तोंडापेक्षा वर न्या, हंसाच्या मानेसारखा वळसा द्या, मग खाली गाडीच्या बाहेर काढा. टोक सायलेन्सरपासून लांब, चाकाच्या चिखलाच्या थेट माऱ्यात नको, आणि टोकाला बारीक जाळीचा ब्रीदर. नळी डिकीतच सोडायची नाही, तिथून वाफ केबिनमध्ये येते.

शेवटची टेस्ट, पाण्याच्या नळीने

पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, दोन्ही उभे पाय किमान एक मीटर, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी. व्हेंटच्या नळीत टाकीजवळ टी (तीन तोंडांचा जोड) घालून एक पाय जोडा, दुसरा मोकळा. नळी फक्त या टेस्टपुरती, आणि टी टाकीच्या उंचीच्या वर ठेवा. गाडी मोकळ्यावर चालू करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. दोन्ही पायांतल्या पातळीत जरासा फरक पडून तिथेच थांबला तर छान. फरक वाढतच गेला आणि १० सेंमी ओलांडून पुढे निघाला तर अजून कुठेतरी अडकलंय. ३० सेंमीला इंजिन बंद करून कॅप सैल करा, पाणी टाकीत ओढलं जाऊ देऊ नका. तुलनेसाठी, १ पीएसआय म्हणजे ७० सेंमी पाणी.

वास येत असेल तर हीच फळी उलटी वापरा. इंजिन बंद, थंड टाकी, सगळे व्हेंट तात्पुरते बंद, आणि बल्बने हळू ३५ सेंमीपर्यंत प्रेशर द्या, त्याच्या वर नाही. पाणी उतरायला लागलं की साबणाचं पाणी टाकीवरच्या, पेट्रोलचा काटा चालवणाऱ्या युनिटच्या गॅस्केटवर, भरायच्या गळ्याच्या रबरावर, प्रत्येक क्लिपवर लावा. फक्त टाकी फुल्ल असतानाच वास येतो असं असेल तर गॅस्केटपासूनच सुरुवात करा. झाल्यावर बंद केलेले सगळे व्हेंट उघडायची आठवण ठेवा, मी स्टिअरिंगला चिंधी बांधून ठेवतो.

मग टाकी पाऊण भरून त्याच रस्त्यावर, त्याच चढावर जा, कॅप घट्ट लावून. अर्धा तास पळवल्यावर थांबा, कागद कडेला धरा आणि कॅप फिरवा. कागद जागचा हलायला नको, किंवा सीलबंद पद्धतीत जेमतेम हलेल. एक काम मात्र लगेच करा, नवा पेट्रोल फिल्टर जवळ ठेवा आणि शंभर-दोनशे किलोमीटरनंतर बदला, कारण इतके दिवस पत्रा आत-बाहेर होत होता, त्याने आतला गंज पापुद्र्यांनी सुटलेला असतो आणि तो आता फिल्टरमध्ये येतो. पहिल्या फिल्टरमध्ये तांबडी माती दिसली तर आणखी एक बदला.